मुंबई बंदरातील वल्ह्याची होडी

मुंबई बंदर आणि ठाणे खाडीच्या पाण्यात एक-दोन माणसांनी वल्ह्याने चालवलेल्या होडीतून होणारी मासेमारी हा कोकण किनाऱ्यावरील फार जुना व्यवसाय आहे. या होडीला इंजिन नसते आणि बर्फाचा साठाही नसतो. भरतीबरोबर निघायचे आणि ओहोटी-भरतीचा फेरा साधून परतायचे, एवढाच तिचा पल्ला. ज्या पाण्यात ती जाळे टाकते त्याच पाण्यातून देशातील सर्वाधिक वर्दळीच्या बंदरांपैकी दोन बंदरांची जहाजे ये-जा करतात. त्यामुळे या मासेमारीचा इतिहास मासे आणि जाळी यांच्यापुरता उरत नाही. एकच पाणी दोन उपयोगांत कसे वाटले गेले, त्याचा तो इतिहास आहे. या वाटणीत होडी मागे सरली, पण कोळ्याचे कसब कमी पडले म्हणून नव्हे. तिच्या वाट्याचे उथळ पाणी कधी कोणाच्या नावावर नोंदले गेले नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे.

पाण्याची घडण

बंदराच्या पश्चिमेला मुंबई बेट आहे. पूर्वेला करंजा, उरण आणि न्हावा यांचा किनारा आहे. मध्ये घारापुरी आणि जवाहर द्वीप ही बेटे, उत्तरेला ठाणे आणि पनवेलच्या खाड्या, तर दक्षिणेला कुलाब्यापुढील प्रोंग्जचा खडक आणि अलिबागजवळचे थळ यांच्यामधून खुला समुद्र. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणात, पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो आणि प्रवाहही मंदावतो.

बंदरात जहाजांना पुरेल अशी नैसर्गिक खोली एका अरुंद पट्ट्यातच आहे. उरलेला मोठा भाग उथळ असून ओहोटीला त्यातला बराचसा चिखल उघडा पडतो. काठाने तिवरांची राने आहेत. या चिखलात आणि तिवरांच्या मुळांत कोळंबी, चिंबोरी, निवटी, बोय, खाजरी यांची पैदास होते. भरतीबरोबर मोठे मासे भक्ष्याच्या मागे आत येतात आणि ओहोटीला बाहेर पडतात. या येण्याजाण्यावरच सगळी मासेमारी बेतलेली आहे.

होडी आणि साधने

किनाऱ्यावरील सर्वात साधी होडी म्हणजे एका खोडातून कोरलेली डोण. त्यासाठी आंब्याचे खोड सोयीचे पडे. दक्षिण कोकणात अशा अरुंद होडीला एका बाजूने दोन आडव्या दांड्यांवर लाकडाचा तरंगता ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. अरुंद होडी वेगाने जाते पण चटकन कलंडते, उलांडी तिला तोल देते. मुंबई बंदराच्या परिसरात फळ्या जोडून बांधलेली छोटी होडी अधिक रूढ झाली. खोल पाण्यात वल्हे, चिखलाच्या उथळ भागात रेटा द्यायला लांब बांबू आणि वारा अनुकूल असेल तेव्हा लहानसे शीड, एवढ्यावर ती चालते.

तिच्यावरील साधनेही एका माणसाच्या बळाला झेपतील अशीच आहेत. पाग हे गोल फेकजाळे. होडीच्या टोकाशी उभे राहून ते फेकले की हवेत उघडते आणि कडेच्या शिशाच्या वजनाने माशांवर बसते. बोक्षी हे पिशवीसारखे लहान जाळे खाडीच्या धारेत खुंटांना बांधतात. गळाची दोरी एकेरी असते किंवा एका लांब दोरीला अनेक गळ लावलेली असते. चिंबोऱ्यांसाठी आमिष बांधलेली कडी-जाळी सोडून ठेवतात. जाळी पूर्वी सुताची किंवा तागाची असत आणि कुजू नयेत म्हणून ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचे धागे आले आणि हा काढा मागे पडला.

या साधनांची निवड चंद्रकलेवर ठरते. धारेच्या जोरावर चालणाऱ्या जाळ्यांना उधाण लागते. गळाला भांग बरा, कारण जोरदार धारेत दोरी तळाशी टिकत नाही. जागा ओळखायला होकायंत्र लागत नाही. किनाऱ्यावरील देऊळ आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि झाड एका रेषेत आले, की त्या दोन रेषा छेदतात तेथे खडक किंवा खळगा असतो. हे ज्ञान घराण्यात तोंडी चालत आले आणि ते कागदावर उतरले नाही. पुढे हक्कांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा हीच त्याची दुबळी बाजू ठरली.

लहान होडीच्या सोबतीने मोठी डोल मासेमारीही चालत आली आहे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना शंकूच्या आकाराचे डोल जाळे बांधतात. त्याचे तोंड धारेकडे असते आणि बोंबील, जवळा, करंदी प्रवाहाबरोबर आत येतात. खुंट रोवण्याच्या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावोगावी परंपरेने ठरलेले असते. जहाजांशी संघर्ष झाला तो याच खुंटांमुळे.

गोदीपूर्वीचे बंदर

१५३४ च्या वसईच्या तहाने मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली, १६६५ मध्ये ती इंग्रजांच्या ताब्यात आली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली. त्यावेळी कुलाबा, मांडवी, माझगाव, शिवडी, शीव, माहीम, वरळी या ठिकाणी कोळ्यांची वस्ती होती. या काळातील जहाजे शिडाची होती. त्यांना वारा आणि भरती या दोन्हींची वाट पाहावी लागे, वेग कमी असे आणि तळ फार खोल जात नसे. जहाज आणि होडी एकाच निसर्गनियमाने बांधलेली होती, म्हणून त्यांच्यात टक्कर होण्याचे प्रसंगही थोडेच येत.

वल्ह्याच्या लहान होडीची ताकद १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात दिसली. शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या मुखाशी असलेल्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. वारा पडला की ती जहाजे जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून सामान आणि माणसे बेटावर पोहोचवत राहिल्या. अखेर इंग्रजांना वेढा सोडावा लागला आणि किल्ला उभा राहिला. मोठ्या जहाजाला जाता येत नाही अशा पाण्यातून जाणे, हे या होडीचे बळ युद्धात जसे उपयोगी पडले तसेच मासेमारीत रोज उपयोगी पडत होते.

वाफ, गोदी आणि भराव

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि १७५० मध्ये येथे कोरडी गोदी तयार झाली. तरीही बंदराचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते एकोणिसाव्या शतकात. मुंबईत बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज १८३० मध्ये सुएझला गेले. वाफेचे जहाज वाऱ्याची वाट पाहत नाही, ते आपल्या वेळेला निघते. ज्या पाण्यात वाहतूक निसर्गाच्या तालावर चालत होती तेथे वेळापत्रक आले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचा सागरी रस्ता सरळ मुंबईच्या दाराशी आला. खांदेरीचे दीपगृह १८६७ मध्ये आणि प्रोंग्जचे १८७५ मध्ये उभे राहिले, ते या वाढत्या वर्दळीसाठीच.

किनाऱ्याची रेषाही पुढे सरकू लागली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेल्या धक्क्यांमुळे पूर्व किनाऱ्यावर बोटींना थेट लागता येऊ लागले. ‘भाऊचा धक्का’ हे नाव त्यांच्यावरूनच रूढ आहे. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने १८५८ नंतर मोदी बे परिसरात मोठा भराव घातला. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५ मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाला.

या प्रत्येक गोदीने शहराला संपत्ती दिली आणि कोळ्यांकडून किनारा घेतला. मांडवीचा कोळीवाडा एकेकाळी पाण्याला लागून होता, तो भरावामुळे शहराच्या आत राहिला. मोठ्या बोटी बाळगणाऱ्यांनी दुसऱ्या धक्क्यावर आसरा घेतला. लहान होडीला ते जमत नाही. घराजवळच्या चिखलात ओढून ठेवलेली होडी, तिच्यापर्यंत पायी जाता येणारा काठ आणि भरतीची वेळ यांवर तिचा सगळा हिशेब बसतो. काठ गेला की हा व्यवसाय सर्वात आधी मोडतो. बंदरासाठी गोदी बांधता येते, पण चिखलाचा नैसर्गिक काठ बांधून देता येत नाही. ससून डॉक पुढे मासळीचे मोठे केंद्र बनले, ते प्रामुख्याने मोठ्या बोटींसाठी.

समुद्रावर हक्क कोणाचा

समुद्रातील मासेमारीच्या हक्काचा प्रश्न याच काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ‘रेजिना विरुद्ध कास्त्या रामा’ या १८७१ च्या खटल्यात एका गावाच्या कोळ्यांनी समुद्रात रोवलेले खुंट दुसऱ्यांनी उपटल्याचा आरोप होता. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतील समुद्रात देशाचा कायदा चालतो आणि असे खुंट उपटणे हा गुन्हा ठरू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १८७६ च्या ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा’ या निकालात न्यायालयाने पुढचे तत्त्व मांडले. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वांना सारखा आहे. मात्र तो वाजवी रीतीने बजावला पाहिजे. दुसऱ्याला त्याचा तेवढाच हक्क बजावता येऊ नये अशा रीतीने कोणी वागले आणि त्यामुळे विशेष नुकसान झाले, तर नुकसान झालेल्याला दाद मागता येते.

हे तत्त्व कोळ्या-कोळ्यांमधील वादासाठी पुरेसे होते. डोल जाळ्यांच्या कवींवरून वसई, उत्तन, अर्नाळ्याच्या आणि सातपाटी, डहाणूकडील मच्छीमारांत पुढेही तंटे होत राहिले. पण समोर दुसरा कोळी नसून बंदर असेल तर काय, याचे उत्तर या निकालात नव्हते. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने बंदराच्या हद्दीतील वाहतुकीला होणारा अडथळा दूर करण्याचा अधिकार बंदर अधिकाऱ्यांना दिला. होडीच्या हक्काला ‘सर्वांचा हक्क’ म्हटले गेले खरे, पण त्याची जागा आणि हद्द यांची नोंद झाली नाही. जहाजाची वाट मात्र नकाशावर रेषांनी आखली गेली.

इंजिन, तेल आणि नवे बंदर

मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने किनाऱ्याबाहेरील मासळीची पाहणी केली. यांत्रिक मासेमारीचा हा आरंभीचा प्रयोग होता. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने बोटींना इंजिने बसू लागली. ज्यांना कर्ज मिळाले ते खोल समुद्रात गेले, ज्यांच्याकडे तारण नव्हते ते खाडीत वल्ह्यावर राहिले. येथून पुढे वल्ह्याची होडी ही कमी भांडवलाची खूण झाली. २०१० च्या सागरी मत्स्य जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १३ हजार यांत्रिक बोटी होत्या आणि बिनइंजिनाच्या होड्या तीन हजारांहून कमी उरल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतरच्या त्याच दशकांत बंदराचा पूर्व आणि उत्तर किनाराही भरू लागला. माहुल-तुर्भे परिसरात १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, जवाहर द्वीपावर तेल उतरवण्याची सोय झाली आणि तुर्भ्याच्या टोकाशी अणुसंशोधन केंद्र उभे राहिले. सुरक्षेसाठी या ठिकाणांलगतचे पाणी होड्यांना बंद झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी खाडीत मिसळू लागले. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि पुरवठा जहाजांची ये-जा वाढली.

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्याला आपली जागा सोडून उरणमधील हनुमान कोळीवाड्यात जावे लागले. आज हे बंदर वर्षाला वीस फुटी मापाचे साठ लाखांहून अधिक कंटेनर हाताळते. मोठ्या कंटेनर जहाजांसाठी बंदराची वाहिनी वारंवार खोल केली गेली. गाळ उपसल्याने धारेची दिशा आणि तळाची घडण बदलते, आणि ज्या खळग्यावर पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकला तेथे मासा लागेनासा होतो.

वर्दळीचे धोके

वर्दळीच्या पाण्यात लहान होडीला जहाजापासून दुहेरी धोका असतो. लाकडाची, पाण्यालगत बसलेली होडी रडारवर क्षीण उमटते. आणि मोठ्या जहाजाच्या सुकाणूकक्षातून नाकासमोरचे पाणी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा न दिसणारा पट्टा दोन जहाजलांब्या किंवा ५०० मीटर, यांतील जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. म्हणजेच अर्ध्या किलोमीटरच्या आतील होडीच्या तांडेलाला जहाज दिसत असतानाही ती होडी जहाजावरील माणसाला दिसत नसेल, हे नियमालाच मान्य आहे. शिवाय भरलेले जहाज वेगात असताना थांबायला त्याच्या लांबीच्या कितीतरी पट अंतर लागते. अरुंद वाहिनीत ते बाजूलाही वळू शकत नाही.

म्हणूनच १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत अरुंद वाहिनीत होडीने आणि मासेमारी करणाऱ्याने जहाजाची वाट अडवू नये, असे सांगितले आहे. वल्ह्याच्या होडीवर रात्री किमान एक पांढरा दिवा किंवा विजेरी हाताशी असावी आणि टक्कर टाळता येईल इतक्या आधी ती दाखवावी, हाही त्यातलाच नियम आहे. कोळ्यांचे स्वतःचे शहाणपण याहून निराळे नाही. वाहिनी ओलांडायची तर आडवी आणि थोडक्या वेळात, नांगरलेल्या जहाजाच्या धारेच्या बाजूला थांबायचे नाही, जहाज गेल्यावर त्याच्या लाटांना होडीचे नाक द्यायचे, आणि धुक्यात वाहिनीच्या कडेच्या उथळात राहायचे. उथळ पाणी हाच होडीचा खरा बचाव आहे, कारण तेथे जहाज येऊच शकत नाही.

अपघातांचा फटका मात्र टकरीबाहेरही बसतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले आणि तिवरांपर्यंत तेलाचा थर पोहोचला. मासेमारी थांबली आणि मुंबईच्या बाजारात मासळीचे गिऱ्हाईक घटले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसे दगावली. या पाण्यात किती दाटी झाली आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

या पाण्यावरचा पहाराही वाढला. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यातील हल्लेखोर पळवून आणलेल्या मच्छीमार बोटीतून मुंबईजवळ आले आणि हवेच्या रबरी होडीतून मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर बोटींची नोंदणी, ओळखपत्रे आणि तपासणी कडक झाली. कफ परेडच्या त्या किनाऱ्यावर अनोळखी माणसांना प्रथम हटकणारे तेथील मच्छीमारच होते, हेही या इतिहासात नोंदले पाहिजे.

कायद्यातील स्थान

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. किनाऱ्यालगतच्या ठरावीक खोलीच्या आत ट्रॉलिंगला बंदी घालून पारंपरिक मच्छीमाराचे पाणी राखणे हा त्याचा एक उद्देश होता. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीतून बिनइंजिनाच्या होड्यांना सूट असते, कारण त्यांच्यामुळे माशांच्या पैदाशीला बसणारा धक्का अल्प असतो. उधाणलेल्या समुद्रात त्या फार बाहेर जातही नाहीत. नारळी पौर्णिमेपर्यंत त्या खाडीतच राबतात.

बंदर आणि पूल यांच्यापासून झालेल्या हानीची दखल मात्र उशिरा घेतली गेली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदराच्या विस्तारामुळे आणि भरावामुळे भरतीच्या वाटा बंद होऊन त्यांची उपजीविका बुडाली, हे त्यात मान्य झाले. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या रूढ हक्कांची भरपाई ठरवण्यासाठी धोरण आखण्याची गरज अधोरेखित केली. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू याच बंदरावरून आडवा गेला आहे आणि त्याच्या कामातही बाधित मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्न आला.

नवी कयाक, जुने पाणी

गेल्या काही दशकांत जगभर कयाकमधून समुद्रात मासे धरण्याचा छंद वाढला. कयाक ही मुळात आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवत. आज ती प्लास्टिकच्या साच्यात घडते आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवरही दिसते. आर्क्टिकची ही होडी आणि कोकणची डोण यांमागचा विचार एकच आहे: अरुंद, हलकी, एका माणसाला पेलणारी होडी. म्हणून वर्दळीच्या पाण्यात हौशी माणसाला लागणारे ज्ञानही कोळ्याच्या ज्ञानाहून वेगळे नाही. भरतीची वेळ, धारेचा जोर, वाहिनीची हद्द आणि जहाजावरून आपण दिसत नाही याची पक्की जाणीव, एवढे त्याला शिकावेच लागते. फरक उरतो तो पोटाचा. हौशी माणूस धोका वाटला तर घरी राहू शकतो, कोळ्याला तसे करता येत नाही.

मुंबई बंदराने साडेतीनशे वर्षांत वाहिन्या, धक्के, तेलवाहिन्या आणि पूल यांचे तपशीलवार नकाशे केले. त्याच पाण्यातल्या डोल जाळ्यांच्या कवी, गळाच्या जागा, चिंबोऱ्यांचे चिखल आणि होड्या ओढून ठेवायचे काठ यांचा तसा अधिकृत नकाशा झाला नाही. भरपाईचे आदेश हानी झाल्यानंतर येतात आणि पैशांतच येतात. नोंद आधी झाली तर गाळ कोठे टाकावा, खांब कोठे रोवावा आणि होडीसाठी कोणता काठ सोडावा, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवता येते. १८७६ च्या निकालातील वाजवी वापराचे तत्त्व आजही पुरेसे आहे. ते बंदर आणि होडी या दोघांना सारखे लागू करण्यासाठी होडीच्या पाण्याची नोंद होणे हीच पहिली अट आहे.